पहिली गिटार घेताना: पैसे कमी असतील तर काय तपासायचं

पहिली गिटार बहुतेक जण रंग बघून आणि आवाज ऐकून घेतात. पैसे मोजके असतील तर हे दोन्ही मागे ठेवा. आवाज थोडा डबडा असला तरी त्या गिटारवर शिकता येतं. पण तारा दाबताना बोटं सोलवटणारी, वर सुरात न राहणारी गिटार दुसऱ्या महिन्यात कपाटावर जाते, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. म्हणून दोनच गोष्टी बघायच्या: दाबायला सोपी आहे का, आणि सुरात राहते का.

सगळे पैसे गिटारवर संपवू नका. साधारण पाचवा हिस्सा बाजूला ठेवा: एक क्लिप ट्यूनर (गिटारला अडकवायचं, सूर बरोबर आहे का ते दाखवणारं छोटं यंत्र), तारांचा एक नवा संच, साधी पिशवी आणि सेटअप. सेटअप म्हणजे नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) बाक, तारांची उंची आणि नटच्या (दांड्याच्या डोक्याकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या छोट्या पट्टीच्या) खाचा जाणकाराकडून नीट करून घेणं. स्वस्त गिटारमध्ये तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. तार झणझणली तर गिऱ्हाईक लगेच तक्रार करतं, उंच असली तर नवशिक्याच्या लक्षातही येत नाही. सेटअप झालेली साधी गिटार ही न झालेल्या महागड्या गिटारपेक्षा हाताला बरी लागते.

प्रकार ठरवताना आपल्याला काय वाजवायचंय ते बघा. नायलॉन तारांची क्लासिकल बोटांना मऊ असते, पण तिचा नेक नटपाशी सुमारे ५२ मिमी रुंद असतो. लहान हाताला बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून वाजवायचे) जड जातात. गाण्याला साथ करायची असेल तर स्टील तारांची अकूस्टिक घ्या, नट साधारण ४३ मिमी. पहिले काही आठवडे बोटं दुखतील, ते धरूनच चाला. इलेक्ट्रिक दाबायला सगळ्यांत हलकी, पण अँप्लिफायरचे पैसे त्याच बजेटमधून जातात. क्लासिकलवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. नायलॉनचा एकूण ताण सुमारे ४० किलो असतो, स्टीलचा ७० किलोच्या आसपास. ब्रिज (तारा गिटारच्या फळीवर जिथे अडकवतात ती पट्टी) उखडून येतो. कमी बजेटमध्ये पिकअप (अँप्लिफायरला आवाज पोचवणारा भाग) बसवलेली अकूस्टिकही टाळलेली बरी. तेवढे पैसे लाकूड आणि फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) यांच्या कामातून कापलेले असतात.

ड्रेडनॉट हा मोठा, रुंद कमरेचा आकार दुकानात सगळीकडे दिसतो, पण बारीक चणीच्या माणसाचा उजवा खांदा त्यावर उचलला जातो. त्याहून लहान असा कॉन्सर्ट आकार बघा. आठ ते अकरा वर्षांच्या मुलाला बहुधा पाऊण आकाराची पुरते. पुढची फळी सॉलिड (अखंड लाकडाची) की प्लायची, यावर फार अडू नका. सॉलिडचा आवाज चांगला, हे खरं. पण दमट-कोरड्या हवेतले बदल प्लाय जास्त सोसते.

आता तपासणी. सोबत मिलिमीटरची पट्टी, मोबाइलमधला ट्यूनर आणि एक व्हिजिटिंग कार्ड असू द्या. वाजवता येत नसलं तरी हे सगळं करता येतं. पहिल्यांदा गिटार सुरात लावून घ्या. तारा सैल असतील तर नेकवर पुरेसा ताण येत नाही आणि पुढचं प्रत्येक माप चुकतं.

सगळ्यांत जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. मधे ती सरळ पट्टीसारखी ताणली जाते. सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल तर नेक मागे वाकलाय. जाड नाणं जात असेल तर पुढे. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलता येणारी सळई) असेल तर दोन्ही दुरुस्त होतात. मात्र बुडाकडून पाहिल्यावर नेकच्या दोन कडा वेगवेगळ्या दिशांना पिळलेल्या दिसल्या, तर ती गिटार खाली ठेवा.

मग बाराव्या फ्रेटवर तारेच्या खालच्या बाजूपासून फ्रेटच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. तिला ॲक्शन म्हणतात. स्टीलला जाड तार २.५ आणि बारीक २ मिमीच्या आसपास, नायलॉनला ४ आणि ३, इलेक्ट्रिकला २ आणि १.५. जास्त भरली तर लगेच नाकारू नका, आधी सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बघा. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथे अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी घासावं लागतं. सॅडल ब्रिजच्या वर तीन मिमी तरी दिसत असेल तर वाव आहे. ते आधीच घासून बुटकं झालेलं असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर नेकचा कोन बिघडलाय. ती दुरुस्ती कधीकधी गिटारपेक्षा महाग पडते.

नट मात्र बहुतेक जण बघतच नाहीत. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरली पाहिजे. जास्त असेल तर एफ कॉर्ड लागत नाही, आणि ट्यूनर बरोबर दाखवत असूनही पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे येतात. खात्री करायची असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. गिटार एकदम हलकी आणि सुरेल झाली, तर दोष नटचाच. खाचा खोल करणं छोटं काम आहे, पण घरी कानस घेऊन बसू नका. खाच जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते.

यानंतर सहाही तारांचे पहिले बारा फ्रेट एकेक करून वाजवा. कंटाळवाणं आहे, करा. एकाच जागी खरखर आली तर तिथून पुढचा फ्रेट उंच आहे. सगळीकडे आली तर ॲक्शन फार खाली किंवा नेक फार सरळ. जोरात छेडल्यावरच येणारी खरखर सोडून द्या.

मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट हलकं टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. पाच सेंटचा (सेंट म्हणजे सुरातला फरक मोजायचं माप) फरक चालतो, पंधराचा नाही. तारा गंजलेल्या असतील तर दोष त्यांचाही असू शकतो. इलेक्ट्रिकला हे स्क्रूने जुळवता येतं. अकूस्टिकची सॅडलची जागा पक्की असते.

तार ताणायची किल्ली फिरवताना नटपाशी ‘टिक’ आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकतेय. पेन्सिलचं शिसं खाचेत घासलं की बहुतेकदा भागतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरतोय का तेही बघा. शिरत असेल तर ब्रिज सुटायला लागलाय.

वापरलेली गिटार मिळत असेल तर त्याच पैशांत एक पायरी वरची हाती येते. वरच्या तपासण्या तिलाही लागू, शिवाय डोक्याजवळ नेकला चिरलेली रेघ आणि पहिल्या तीन फ्रेटवर तारांनी पाडलेले खड्डे बघा. गंजक्या तारांना घाबरू नका, किंमत कमी करायला त्या उपयोगी पडतात. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोकं उघडलं त्याच दिवशी ही सगळी मापं घ्या.

घरी आल्यावर स्टील अकूस्टिकला ०.०१२ ऐवजी ०.०१० किंवा ०.०११ इंचाचा संच (हे माप सगळ्यांत बारीक तारेच्या जाडीचं) लावा. आवाज थोडा पातळ होतो, बोटांचं काम मात्र बरंच हलकं होतं. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस ताणत राहतात, सूर सारखा उतरतो. हा बिघाड नाही. प्रत्येक तार हलकेच वर ओढून पुन्हा सुरात लावा, चार-पाच वेळा केलं की ती बसते.