अमेरिकेचं यादवी युद्ध कापसापासून वाचा

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली येतात. बहुतेकांच्या घरी यंत्रमाग, नाहीतर आई विड्या वळते. अमेरिकेच्या यादवी युद्धावर विचारलं की गाईडमधली कारणं धडाधडा म्हणून दाखवतात. पण दक्षिणेतली राज्यं 1860 सालीच देशातून का फुटू लागली, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मी ज्या क्रमानं शिकवते तो इथे लिहिते आहे. घरी एकट्यानं बसूनही जमेल. एक वही, अमेरिकेचा नकाशा आणि इंटरनेट असलेला फोन एवढं पुरे.

लिंकनपासून सुरुवात करू नका. वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: कापूस पिकवला कोणी, विकला कोणी, विणला कोणी. पहिल्या रकान्यात 1860 च्या जनगणनेतले सुमारे 40 लाख गुलाम येतात. देशाची लोकसंख्या तेव्हा 3 कोटींच्या थोडी वर होती. अर्थात सगळेच गुलाम कापसात नव्हते. तंबाखू, ऊस, भातशेती, घरकाम अशीही कामं त्यांच्याकडून करून घेत. दुसऱ्या रकान्यात दक्षिणेचे मळेवाले, आणि त्यांना कर्ज, विमा, जहाजं पुरवणारे न्यूयॉर्कचे व्यापारीसुद्धा. तिसऱ्यात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या. ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. साउथ कॅरोलिनाचा सिनेटर जेम्स हॅमंड 1858 मध्ये भर सभागृहात म्हणाला होता की कापूस हा राजा आहे, त्याच्याशी युद्ध करायची जगातल्या कुठल्याच सत्तेची छाती नाही. तीन वर्षांनी दक्षिणेनं युद्ध पत्करलं ते याच भरवशावर.

आता सत्तेचं गणित. हे वाचून समजत नाही, कागदावर सोडवावं लागतं. 1787 च्या राज्यघटनेत तडजोड अशी होती की लोकप्रतिनिधींच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची. साउथ कॅरोलिना घ्या. 1860 मध्ये लोकसंख्या सुमारे 7 लाख 3 हजार, त्यात गुलाम सुमारे 4 लाख 2 हजार. गुलामांचे तीन पंचमांश म्हणजे 2 लाख 41 हजार. ते उरलेल्या 3 लाख 1 हजारांत मिळवा: 5 लाख 42 हजार. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जादा जागा. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातही तेच वजन. बेरीज पुरी झाली की वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई, म्हणजे ज्याला बांधून ठेवलं त्याच्याच नावावर सत्ता?" हो, तेच. एवढी सत्ता हाताशी असूनही 1860 मध्ये गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायला विरोध करणारा लिंकन दक्षिणेच्या मतांशिवाय राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. 1860 सालीच का, याचं उत्तर इथे आहे.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, तिला दोन संध्याकाळी द्या. फुटणाऱ्या राज्यांनी स्वतः काय लिहून ठेवलं ते वाचा. हे जाहीरनामे इंटरनेटवर फुकट मिळतात. इंग्रजी जुनं आहे, म्हणून जमलं तर जोडीनं बसा: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मराठीत नाहीतर तेलुगूत सांगायचं. गुलामगिरीचा उल्लेख आला की लाल पेन्सिल, राज्यांच्या हक्काचा आला की निळी. मिसिसिपीचा जाहीरनामा सुरुवातीलाच सांगतो की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलिना 20 डिसेंबर 1860 रोजी सर्वांत आधी फुटलं. त्याच्या कागदात निळी पेन्सिल पुष्कळ चालते, पण तक्रार नीट वाचा. पळालेले गुलाम उत्तरेतली राज्यं परत करत नाहीत, स्वतःचे कायदे करून अडवतात, अशी ती तक्रार आहे. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी स्वतःचा हक्क वापरला याचाच राग. या युद्धाचं कारण म्हणून नुसतं "राज्यांचे हक्क" लिहिणाऱ्या मुलाला मी वही परत देते आणि विचारते, हक्क कशाचा?

लढायांवर वेळ घालवू नका. अँटिटम (सप्टेंबर 1862), गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग (जुलै 1863), ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या मुख्य सैन्याची शरणागती (9 एप्रिल 1865) एवढ्या पुरतात. त्याऐवजी फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड ही तीन नावं लिहून ठेवा. दक्षिणेच्या सैन्यानं या तीन गुलामांना व्हर्जिनियात तोफांचे मोर्चे बांधायला जुंपलं होतं. मे 1861 मध्ये एका रात्री ते होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मनरो किल्ल्यावर आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस त्यांना मागायला आला. किल्ल्याचा सेनापती बटलर पेशानं वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया आता परदेश असल्याचं तुम्हीच सांगता, मग आमचा पळपुट्या गुलामांचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? युद्धातला जप्त माल म्हणून त्यानं तिघांना ठेवून घेतलं. बातमी पसरली, आणि शेकडो माणसं त्याच वाटेनं आली. ऑगस्टमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यावर कायदा करावा लागला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. तोही फक्त बंडखोर भागांपुरता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरीची पण न फुटलेली राज्यं त्यातून वगळली होती. पुढे सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णी सैनिक उत्तरेकडून लढले. स्वातंत्र्य कुणी दिलं, या प्रश्नाच्या उत्तरात लिंकनच्या आधी या तिघांना जागा द्या.

आता तिसऱ्या रकान्याकडे या. माझे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते, म्हणून हा भाग मला फार जवळचा आहे. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. जो हिंदुस्थानी कापूस तिकडे गेला तो आखूड तंतूचा. सूत तुटायचं, सूत तुटलं की माग थांबतो, माग थांबला की मजुरी बुडते; हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. अशा टंचाईत 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. लिंकननं 19 जानेवारीला उत्तर दिलं. सगळेच कामगार या बाजूचे नव्हते, बंदरं फोडून कापूस आणा म्हणणारेही होते. पण उपाशीपोटी घेतलेल्या त्या ठरावापुढे मी मान झुकवते.

मुंबईत त्याच वर्षांत कापसाचे भाव भडकले, शेअरचा सट्टा चढला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळला. मात्र सोलापूरची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली ती या युद्धामुळे, असं लिहू नका. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली एवढ्यानं ती तिच्यामुळे घडली हे सिद्ध होत नाही.

1865 नंतरसाठी वहीत निम्मी पानं राखून ठेवा. तेरावी घटनादुरुस्ती (1865) गुलामगिरी संपवते, चौदावी (1868) नागरिकत्व देते, पंधरावी (1870) वंशावरून मत नाकारायला मनाई करते. प्रत्येकीसमोर लिहा की जमीन कुणाकडे राहिली. ती मालकांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसं त्याच शेतांत वाट्यानं कापूस पिकवू लागली आणि दुकानदाराच्या उधारीत अडकली. 1877 मध्ये उत्तरेच्या फौजांचं संरक्षण उठलं. 1890 मध्ये मिसिसिपीनं नवी घटना केली. मताधिकारासाठी कर भरा, घटनेचं कलम वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवणार. या अटींत वंशाचं नाव कुठेही नाही. मताचा हक्क खऱ्या अर्थानं हाती यायला 1965 चा कायदा उजाडावा लागला.

इथे एक लेखी सराव करा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" छापली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्या साली दक्षिणेत कृष्णवर्णी माणसं मतं देत होती, निवडूनही येत होती. 1873 पर्यंत काय मिळालं होतं ते एका पानावर लिहा, आणि 1890 पर्यंत त्यातलं काय हिरावलं गेलं ते समोरच्या पानावर. दोन्ही पानं भरली की मगच गाईड उघडा, आणि त्यातल्या प्रत्येक कारणापुढे आपल्या वहीतला पुरावा लिहा. ज्या कारणाला पुरावा सापडत नाही ते परीक्षेच्या उत्तरातून गाळा.