साताऱ्याचा पाऊस आणि रेझिनचा समुद्र

जुलैत साताऱ्यात इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळला की घट्ट होणारा द्रव) ओतायचं म्हणजे हवेशी उभा दावा. आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी दोन डोलकाठ्यांची छोटी गुराब (लढाऊ जहाजाचं मॉडेल) तयार होती, पुढे निमुळती नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, दोऱ्याबिऱ्या बांधून झालेल्या. तिच्याखालचा रेझिनचा निळा समुद्र मात्र सकाळी पांढुरका दिसला. वर हात फिरवला तर मेणचट, बुळबुळीत.

आधी नख दाबून बघितलं. नखाचा ठसा उमटला असता तर रेझिन-हार्डनरचं प्रमाण बहुधा बिघडलेलं, मग खरवडण्यावाचून सुटका नाही. ठसा नव्हता. म्हणजे हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून आलेली ही नुसती साय. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ स्पंज. धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मगच 400 नंबरचा वॉटर पेपर. आधी घासलं तर तो चिकटा ओरखड्यांत भरतो आणि पुढचा थर धरत नाही.

दुसरा थर पातळच ओतला. जाड ओतला की रेझिन स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, तडकतं. वर खोकं पालथं घालून आत उबेसाठी जुना पिवळा बल्ब, रेझिनपासून लांब. (घरच्यांना वाटलं कोंबडीची पिल्लं आणली.) समुद्र काचेसारखा निघाला. नाळेपाशी फेसाला कापसाचे तंतू ओढून अ‍ॅक्रिलिक जेलमध्ये बसवले. फेस नाळेपाशी दाट, मागं विरळ ठेवला की गुराब चालती दिसते.