उजवा इंडिकेटर आणि रस्त्याची रीत: नव्याने ट्रकवर चढणाऱ्या पोरासाठी

लायसन, बिल्टी (ट्रकमधल्या मालाची पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा कागद) हे सारं तुला माहीत आहे असं धरूनच लिहितो. २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लायसन मिळत नाही आणि त्याआधी वर्षभर हलक्या गाडीचं हातात लागतं, हे आरटीओच्या दारातला एजंटही सांगेल. तो सांगत नाही ती रस्त्याची रीत. कुठल्याच परीक्षेत ती विचारत नाहीत, आणि ती माहीत नसलेलं पोरगं पहिल्याच हंगामात स्वतः तरी पडतं, नाही तर दुसऱ्याला पाडतं.

मी हिंगणघाटकडचा. कापसाच्या गाठी भरून दक्षिणेत उतरायचं आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हाच माझा धंदा. तो रस्ता म्हणजे नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वी ७ नंबर होता, कागदावर आता ४४ झाला, तरी जाम चौरस्त्यावरचे जुने लोक अजून सातच म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन पदरी रस्ता आहे, पुढे ट्रक आहे, तू पुढे जायला डिपर दिलास (हेडलाईटची उघडझाप केलीस) आणि त्याने उजवा इंडिकेटर लावला. तू काय समजशील? माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, उजवा म्हणजे ‘रस्ता मोकळा हाय, ये’. आमच्याकडे पुष्कळांना हेच ठाऊक. पण तितकेच ड्रायव्हर बरोबर उलटं शिकलेले असतात: उजवा म्हणजे ‘थांब, समोरून गाडी येऊन राहिली’, आणि डावा लावला तर ‘जाय’. तिसरा अर्थ कायद्यातला, मी उजवीकडे वळतोय. चौथाही आहे. रात्री समोरून येणारा ट्रक कधी कधी उजवा चालूच ठेवतो, ‘माझी बॉडी इथपर्यंत आहे, जपून’ एवढं सांगायला. दिवा एकच आणि अर्थ चार, त्यातले दोन तर एकमेकांच्या विरुद्ध.

सात नंबर दोन पदरी होता तेव्हाची गोष्ट. वडनेरच्या अलीकडे रात्री पुढच्या गाडीने उजवा दिला आणि मी गाठींनी भरलेली गाडी बाहेर काढली. त्याला उजवीकडच्या पेट्रोल पंपावर वळायचं होतं. त्याचा दिवा कायद्याने बरोबर होता, माझं निघणं रीतीने बरोबर होतं. गाडी उजवीकडे नाल्याच्या काठाला जाऊन अडकली आणि आमच्या क्लीनर पोराचा हात मोडला. एक गाठ १७० किलोच्या आसपास असते. रस्सी तुटली असती तर त्या पोराचं काय झालं असतं, याचा विचार आजही झोपू देत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, दिवा पाहून जाऊ नकोस. आधी मागे सरक. शेपटीला चिकटून चालशील तर तुला पुढचं काहीच दिसणार नाही. मग त्याची चाल बघ. उजवा लावून तो हळू होत असेल, ब्रेकलाईट लागत असेल, तर तो वळतोय. उजव्या हाताला पंप, ढाबा, जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना) किंवा गावाकडे जाणारा फाटा असेल, तर तो वळतोय असंच धर. त्याने खरंच तुला रस्ता दिला असेल तर त्याचं डावं चाक कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकतं. ते चाक खोटं बोलत नाही. दिवसा क्लीनरचा हात बाहेर आला, तर तो इंडिकेटरपेक्षा शंभरपट भरवशाचा. आणि एवढं जुळल्यावरही समोरचा रस्ता तुझ्या स्वतःच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी ओव्हरटेक करायचा नाही. तू मागे असताना पुढचा ड्रायव्हर तुझ्या जिवाची जबाबदारी घेत नाही, घेऊ शकतही नाही.

चौपदरी झाल्यावर हे संपलं असं म्हणणारे आहेत. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला, मेळघाटातल्या घाटातून, एकदा भरलेली गाडी ने, मग बोलू.

घाबरवायचं नाही तुला. हे महिनाभरात अंगवळणी पडतं, आणि एकदा पडलं की नजर आपोआप त्या डाव्या चाकाकडे जाते.

बाकीची रीत सोपी आहे. अरुंद पुलावर ज्याचा डिपर आधी, त्याची गाडी आधी. म्हणजे समोरून डिपर आला तर तो ‘ये’ नाही, ‘मी येतोय, तू थांब’ असा आहे. चढावर भरलेली गाडी येत असेल तर रिकाम्याने थांबावं, कारण भरलेली एकदा थांबली की उचलताना क्लच जळतो. कापूस भरलेल्या गाडीजवळ बिडी पेटवायची नाही, स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. हंगामात जिनिंगबाहेर रांग लागते, तिथे कोणी माचिस काढली तर अनोळखी माणूसही हटकतो. त्याचा राग धरू नकोस.

गाडी बिघडली की मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावतात. त्रिकोणी पाटी बाळगायलाच हवी, पण रस्त्यावर अजून दगडच दिसतात. गाडी दुरुस्त झाली की ते दगड आपल्या हाताने उचलून बाजूला टाकायचे, कितीही घाई असो. मागून अंधारात दुचाकीवर नवरा-बायको, मध्ये लेकरू असं कोणी तरी येत असतं. दगड तसेच टाकून जाणाऱ्या माणसाला मी ड्रायव्हर मानत नाही. आणि ढाब्यावर उभी गाडी सुरू करण्याआधी वाकून खाली बघायचं, रात्री टॉर्च मारून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सावली म्हणून लोक ट्रकखाली झोपतात. माझा उस्ताद रोज एकच वाक्य म्हणायचा, “पोट्ट्या, चाबी नंतर, आधी खाली पाह्य.”

ही रीत आली कुठून, ते मला जुन्या लोकांकडून कळलं. फोन नव्हते. गाडी बंद पडली की मालकाला कळवायला मागून येणारा ट्रकच लागायचा. पांढरकवड्याच्या ढाब्यावर निरोप ठेवला की तो दोन दिवसांत नागपूरला पोचायचा, ड्रायव्हर ओळखीचा असो वा नसो. जकात नाक्यावर आणि पिंपळखुटीच्या राज्यसीमेवर तासन्‌तास रांगा. त्या रांगेत स्टोव्ह पेटायचा, भात शिजायचा, आणि कुठला पूल खचला, कुठे लूट होते, हे तिथेच कळायचं. नवं पोरगं तिथेच घडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, कराच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या, आणि कोणाला त्या परत नको आहेत, मलाही नको. पण शिकायची ती जागाही गेली. समृद्धीवर तर ७०१ किलोमीटरचा सरळ रस्ता, बोलायला माणूस नाही, डोळे उघडे ठेवून झोप लागते. तिथे झोप आली तर कडेला उभं राहायचं नाही, इंटरचेंजला उतर किंवा सोयीच्या जागेपर्यंत हळू जा.

तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं, केबिनमध्ये इंजिनची आग. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ते फार चांगलं झालं. आमच्या काळी असं नव्हतं म्हणून कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांचं ऐकू नकोस.

पण शॉर्टकट सांगणाऱ्यांचं त्याहून ऐकू नकोस. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचव म्हणणारा तुझा मित्र नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो, सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि पुन्हा पुन्हा दाबून ब्रेकच्या हवेचं प्रेशर उतरतं. वर इंजिनही बंद केलं तर कॉम्प्रेसर हवा भरतच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. झोप उडवायच्या गोळ्या तर हातातही घेऊ नकोस. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ पर्यंत तोच होता) दिवसाचे ८ तास लिहिले होते. ते पाळणारा मालक क्वचितच भेटेल, हे खरं, पण ‘डोळे लागतात, दोन तास उभा राहतो’ असं फोनवर सांगितल्याने कोणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. सांगायची हिंमत मात्र पहिल्याच खेपेला करावी लागते, नंतर जमत नाही. राष्ट्रीय महामार्गावर अडलास तर १०३३ लाव, अपघात दिसला तर १०८. जखमीला मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच तसं कलम आहे.

ड्रायव्हिंग स्कूल लायसनपुरतं ठीक. गाडी शिकायची ती उस्तादाच्या बाजूला बसून, एक पावसाळा आणि एक कापसाचा हंगाम तरी. उस्ताद निवडताना त्याची जुनी गाडी किंवा मोठ्या गोष्टी बघू नकोस. तो ढाब्यावर गाडी कशी लावतो ते बघ: दुसऱ्याची वाट मोकळी ठेवतो का, सायलेन्सरचा धूर झोपलेल्याच्या खाटेकडे जाईल अशी लावतो का. क्लीनरला आपल्याच ताटाबरोबर जेवू घालतो का. स्टिअरिंग द्यायच्या आधी त्याने तुला ताडपत्री बांधायला, टायर ठोकून हवा ओळखायला आणि नग मोजून बिल्टीवर सही घ्यायला लावलं, तर पगार थोडा कमी असला तरी त्याच्याकडेच राहा.