एव्हरीथिंगमधी पेनड्राइव्हच्या फायली सापडत नव्हत्या, असं जमवलं

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, पीकविम्याच्या दिवसात सातबारा, आठ-अ, पासबुकच्या फोटोंचा नुसता ढीग, अन् त्यात शोधायले विंडोजवर चालणारं एव्हरीथिंग नावाचं फाइल शोधायचं सॉफ्टवेअर लय कामाचं, नाव टाइप केलं का फाइल हजर. पण पेनड्राइव्हमधलं काहीच सापडेना, इकडे काउंटरवर काका म्हणून राहिले, "काहून बाप्पा, माहा सातबारा गेला का?"

तर कारण असं का एव्हरीथिंगचं १.४ व्हर्जन एनटीएफएस (ड्राइव्हवर फायली मांडून ठेवायची विंडोजची पद्धत) ड्राइव्हची फाइल टेबल, म्हणजे फायलींची यादी, थेट वाचते, म्हणूनच ते एवढं फास्ट, अन् आपले पेनड्राइव्ह बहुतेक फॅट३२ नाहीतर एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीचे, म्हणून ते आपोआप धरत नाही. मग टूल्स, ऑप्शन्स, इंडेक्सेस, तिथं फोल्डर्समधी जाऊन ॲड दाबून पेनड्राइव्हच टाकला, ओके केलं, फायली आल्या.

एक भानगड उरते, दुसऱ्या पोर्टात लावला का कधी कधी ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं) बदलते अन् परत सगळं गायब, ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून फिक्स करून घ्या. जाता जाता इंडेक्सेसमधल्याच एक्सक्लूडमधी (वगळायच्या यादीत) विंडोजचा फोल्डर टाकला, फालतू सिस्टीम फायलींचा कचरा दिसणं बंद. नवीन फाइल दिसली नाही तर फोल्डर्समधीच रीस्कॅनचं बटन आहे.