कोरकू गावात आरोग्याची माहिती सांगताय? या चुका टाळा

मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे, कोरकू आदिवासींच्या गावांत आरोग्याच्या जागृतीसाठी नवीन पोरंपोरी येतात, मनापासून येतात, आणि जवळजवळ सगळ्यांची पहिली चूक सेम असते, मराठी पोस्टर. कोरकू ही मराठीची बोली नाहीये, ती संथाली-मुंडारीच्या कुळातली मुंडा भाषा आहे, त्यामुळे मराठी कितीही सोप्पं केलं तरी ते परकंच राहतं. बाहेरच्यांशी लोक हिंदीत बोलतात हे खरं, पण ते बाजारहाटापुरतं, पोटातलं दुखणं नि बाळंतपण कुणी परक्या भाषेत मोकळेपणाने सांगत नाही.

मग काय करतात, तर शाळेत जाणाऱ्या मुलालाच दुभाषा करून बसवतात आणि त्याच्या आईला अंगावरून जातं का हे त्याच्या तोंडून विचारतात. कसं सांगेल ती? गावातल्या आशाताईला किंवा एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्या, आणि काय विचारणार ते तिला आधी नीट समजावा.

"कळलं ना?" हा प्रश्न तर बंदच करा. समोरचा माणूस मान डोलावणारच, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! त्याऐवजी "घरी गेल्यावर सासूला काय सांगशील, ते मला सांगून दाखव" असं म्हणा. तिने सांगितलेलं चुकलं तर आपलं सांगणं चुकलं, तिचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ सिकलसेलमध्ये, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात होतो. राष्ट्रीय मिशन 2023 मध्ये सुरू झालं, तपासण्या होतात, कार्डं मिळतात, पण वाहक आणि रुग्ण यातला फरक सांगायला कुणी थांबत नाही. वाहक म्हणजे एएस, आजाराचा गुण एकाच पालकाकडून आलेला, त्याला सहसा काही त्रास नसतो, दोघांकडून आलेला एसएस असतो तो रुग्ण. हे न कळल्यामुळे चांगल्या धडधाकट मुलीला "आजारी" ठरवून सोयरीक मोडलेली मी पाहिलीये, फार वाईट वाटतं. दुसरं म्हणजे 25 टक्के. आई-बाप दोघं वाहक असले तर चारातलं एक मूल आजारी, असं सांगितलं की लोकांना वाटतं पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नाही! प्रत्येक गरोदरपणात तेवढीच शक्यता नव्याने असते. मी मक्याचे दाणे वापरते. आईच्या मुठीत दोन, बापाच्या मुठीत दोन, प्रत्येकाचा एक दाणा कोळशाने काळा केलेला, न बघता दोघांनी एकेक काढायचा, दोन्ही काळे निघाले तर मूल एसएस, आणि मग दाणे परत मुठीत टाकून पुन्हा काढायचे. पाच-सहा वेळा केलं की एखादी आजीच बोलते, अगं हे तर दरवेळी नवीनच!

ओआरएसचंही तसंच, "एक लिटर" हवेत सांगू नका, त्यांच्याच घरातल्या भांड्यात पाणी मोजून खूण करून द्या, आणि पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते बघा कारण 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. बनवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, नाहीतर बाई घाबरून गोळ्या पाण्यात फेकते.

भुमकाला, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूला, नावं ठेवू नका प्लीज. रात्री बाळाला धाप लागली तर लोक आधी त्याच्याकडेच जातात, तेव्हा धोक्याची लक्षणं त्यालाही सांगा, म्हणजे तोच म्हणेल, दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा.

आणि वेळ! दिवाळीनंतर बरीच घरं कामासाठी बाहेर जातात, तेव्हा मीटिंग ठेवली तर म्हातारी माणसं नि लेकरंच भेटतात. होळीला सगळे परतात, म्हणून तारीख गावाला विचारून त्या दिवसांत ठेवा, तीसुद्धा संध्याकाळी चुली पेटायच्या आधी नाही, जेवणं झाल्यावर.