एआय आल्यावर ज्युनिअर वकिली : जजमेंट स्वतः वाचा, बाकी घाबरू नका

सनद (वकिलीचा परवाना) झाली, एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा पण निघाली, आता जिल्हा कोर्टात कुणाकडे तरी बसायचंय, अशा मुलामुलींचे मला मेसेज येतात आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, मॅडम आता ज्युनिअर लागणार का? लागणार. पण ज्या कामातून आम्ही शिकलो तेच काम तुमच्या हातातून निघून चाललंय आणि त्याची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते.

तारखांचा गोषवारा, १३८ ची म्हणजे चेक बाउन्सची नोटीस, दोषारोपपत्रातल्या जबाबांचा तक्ता, हे सगळं एआय पटकन करून देतं आणि बरंच चांगलं करतं. वापरा, त्यात काही गैर नाही. तारखा मूळ कागदाशी ताडून घ्या म्हणजे झालं.

खोट्या सायटेशनबद्दल, म्हणजे नसलेल्या निवाड्यांच्या संदर्भांबद्दल, मी फार सांगणार नाही कारण ते आता सगळ्यांना माहितीये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एव्हिआंका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल झाले आणि न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड लावला. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक इन्कम टॅक्स असेसमेंट ऑर्डर रद्द केली, त्यात आधार घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. पण असला खोटेपणा लगेच पकडता येतो. ई-एससीआर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, फुकट आहे, ईकोर्ट्सच्या साइटवर हायकोर्टांची जजमेंट सापडतात, न्यूट्रल सायटेशन (कोर्टाने स्वतः निवाड्याला दिलेला क्रमांक) टाकलं की कळतं केस आहे की नाही.

मी अडकले ते खऱ्या जजमेंटमध्ये, म्हणून इथे जरा लांबण लावते. केस खरी, सायटेशन बरोबर, पॅरा नंबर बरोबर, पॅरातली वाक्यं पण शब्दशः तीच, आणि तरीही ते कोर्टाचं म्हणणं नसतं. कसं? सुप्रीम कोर्टाचं कुठलंही जजमेंट उघडा, आधी फॅक्ट्स येतात, मग अपीलंटच्या वकिलांचा युक्तिवाद, मग रिस्पॉन्डंटचा, मग मुद्दे आणि त्यानंतर कुठेतरी कोर्ट स्वतः बोलायला लागतं. युक्तिवाद नोंदवताना कोर्ट सुरुवातीला एकदाच लिहितं की विद्वान वकिलांनी असं असं मांडलं आणि मग पुढचे चार-पाच पॅरे सलग त्या युक्तिवादाचेच असतात, प्रत्येक पॅऱ्यात परत सांगत नाहीत. एआय त्यातला मधला पॅरा उचलतं आणि तुम्हाला सांगतं की कोर्टाने असं ठरवलं. तुम्ही तो पॅरा ताडून बघता, तो सापडतो, तुम्ही निर्धास्त होता. समोरचे वकील उभे राहून एवढंच म्हणतात, आधीचे दोन पॅरे पण वाचा ना, आणि कळतं की तो युक्तिवाद कोर्टाने पुढे फेटाळलेला आहे. म्हणजे तुम्ही तुमच्याच विरोधातलं जजमेंट दाखल केलेलं असतं. अल्पमताचंही, म्हणजे बहुमतापेक्षा वेगळं मत देणाऱ्या न्यायाधीशांच्या लिखाणाचंही, तसंच, २०१८ च्या आधार निकालात न्या. चंद्रचूड यांचं मत वेगळं होतं, त्यातलं वाक्य बहुमताचं म्हणून वाचलं तर संपलं. त्यामुळे पॅरा सापडला म्हणून थांबू नका, त्यात कोण बोलतंय ते बघा. शेवटून वाचायला लागा, आधी ऑर्डर, मग त्याची कारणं, मग मागे या. आणि हेडनोट (जजमेंटच्या वर छापलेला सारांश) म्हणजे जजमेंट नाही, हे एआयच्या आधीपण खरं होतं.

दुसरं, १ जुलै २०२४ ला जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी नवे आले, त्यानंतरचे कलमांचे आकडे. सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ४८२ म्हणजे एफआयआर क्वॅश, म्हणजे रद्द, करायला हायकोर्टात जायचं कलम, त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि क्वॅशिंग गेलं ५२८ ला. आयपीसीचं (जुनी दंड संहिता) ३०२ खून, त्याजागी आलेल्या बीएनएसमध्ये खून १०३ ला आणि ३०२ वर धार्मिक भावना दुखावणारे शब्द. एआयकडे जुनं मटेरियल ढीगभर आहे त्यामुळे ते बिनधास्त मिसळतं, आणि घटना १ जुलैच्या आधीची असेल तर गुन्हा आयपीसीचाच राहतो हे तुम्ही सांगितल्याशिवाय बऱ्याचदा त्याच्या लक्षात येत नाही. चेक बाउन्सची केस कुठल्या कोर्टाच्या हद्दीत, यासाठी सुप्रीम कोर्टाचा दशरथ राठोड २०१४ हा निकाल काढून देतं, तो नियम बदलणारी २०१५ ची कायदादुरुस्ती विसरतं. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, टेबलावर ठेवा, छापील.

आता माझं मत, पटलं तर घ्या. जो सीनिअर म्हणतो एआयकडून काढून आण आणि वाचल्याशिवाय सही करतो त्याच्याकडे बसू नका, ऑफिस कितीही मोठं असो. जो विचारतो की हा पॅरा कुठल्या संदर्भात आहे, आणि उत्तर आलं नाही तर परत पाठवतो, तो कडक असला तरी धरून ठेवा. पैशाचं म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंडची शिफारस केलीये, शिफारसच आहे, आणि एआय आहे की मग तुला कशाला द्यायचे हे वाक्य आता ऐकू यायला लागलंय. मला ते ऐकून संताप येतो.

जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाचं न्यायाधीशपद, त्यासाठी आलेल्यांना पण सांगते. मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तीन वर्षांची प्रॅक्टिस परत लागू झालीये, ती वर्षं एआयच्या समरीवर काढली तर सर्टिफिकेट मिळेल पण निकाल लिहिता येणार नाही. केरळ हायकोर्टाने जुलै २०२५ च्या धोरणात जिल्हा न्यायालयांना स्पष्ट सांगितलंय की निष्कर्ष किंवा आदेश एआयने ठरवायचा नाही. म्हणजे विचार तुम्हालाच करावा लागणार.

बाकी खरंच घाबरू नका. उलटतपासात साक्षीदार कुठे अडखळला, कुठला प्रश्न विचारायचाच नाही, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) काय नोंदवून घ्यायचं, हे कोर्टात बसूनच येतं आणि सुरुवातीला कुणालाच येत नाही, मलाही रडू यायचं.

आणि पक्षकाराचे कागद फुकटच्या ॲपमध्ये टाकू नका, एफआयआर नाही, मेडिकल नाही, नवरा-बायकोचे चॅट तर अजिबात नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मुळे पक्षकाराने आपल्याला सांगितलेलं गुप्त राखायची जबाबदारी आपली आहे. नावं-पत्ते काढून प्रश्न विचारा, आणि सीनिअरने सांगितलं तरी पक्षकाराला विचारल्याशिवाय फाइल अपलोड करू नका.