तंबाखूविरोधात काम करताय? मग या चुका टाळा, कारण कंपन्यांना त्याच हव्या असतात

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. आपण खाणाऱ्याच्या मागे लागतो. गावात कार्यक्रम घेतला की पोस्टरवर व्यसनी माणूस, पथनाट्यात बायकोला मारणारा व्यसनी नवरा, भाषणात "मनावर ताबा ठेवा". आणि विकणारा म्हटलं की कोपऱ्यावरचा टपरीवाला. त्याच्या मागे कंपनी आहे, तिचा माल, तिचा सेल्समन, तिचा वकील आहे, हे कुठेच येत नाही. मी शाळा-कॉलेजांमधून हे काम करतो आणि सुरुवातीची दोनतीन वर्षं मी पण हेच केलं म्हणून कळकळीने सांगतोय.

कंपन्यांचं म्हणणंच मुळी हे असतं की मोठ्या माणसाची स्वतःची निवड आहे, आम्ही कुणाला जबरदस्ती करत नाही. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितलं की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९८ साली तिथल्या ४६ राज्यांशी कंपन्यांना समझोता करावा लागला, लाखो अंतर्गत कागद लोकांसाठी खुले झाले आणि त्यातून दिसलं की त्यांना हे कित्येक वर्षांपासून माहीत होतं. त्या कागदांमध्ये १९६९ सालचं एक टिपण आहे, त्यात सरळ लिहिलंय की शंका हेच आपलं उत्पादन आहे. म्हणजे कॅन्सर होत नाही हे सिद्ध करायची गरजच नाही, नक्की होतो का नाही असं लोकांना वाटत राहिलं तरी धंदा चालू राहतो.

म्हणून दुसरी चूक, कॅन्सर होतो का नाही या वादात उतरायचं. २०१५ च्या फेब्रुवारीत आपले माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील गेले, तोंडाच्या कॅन्सरने, अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यानंतर दीड महिन्यात तंबाखूच्या पाकिटावर इशाऱ्याची मोठी चित्रं छापायचा विषय आला तेव्हा संसदेच्या समितीचे अध्यक्ष, आपल्या नगरचेच खासदार दिलीप गांधी म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही. त्याच समितीत एक खासदार स्वतः बिडीच्या धंद्यातले होते. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी इथे काय केलं ते बघण्यासारखं आहे, ते नुसते आकडे घेऊन बसले नाहीत, पेशंटना पुढे आणलं, ज्यांचा जबडा गेलाय ते स्वतः बोलले. पेपरवाले मग समितीत कोण बसलंय आणि त्याचा धंदा काय हे विचारायला लागले. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्र आणि इशारा आलाच. तेव्हा मोठ्या सिगारेट कंपन्यांनी नियम स्पष्ट नाहीत म्हणून कारखाने बंद ठेवले, रोजचं साडेतीनशे कोटींचं नुकसान होतंय म्हणून सांगितलं, आणि काही आठवड्यांत तीच चित्रं छापून परत सुरू पण केले.

गावपातळीवर ही शंका वेगळ्या तोंडाने येते. "आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले, रोज चार वेळा मळायचे." प्रत्येक सभेत एकजण हे म्हणतोच. त्याला अभ्यास सांगत बसू नका, हरता तुम्ही, कारण आजोबा खरे असतात. मी फक्त विचारतो, आजोबांच्या बरोबरीने त्याच पारावर बसून मळणारे अजून कोणकोण होते आणि ते कधी गेले. मग सभेतलेच लोक नावं घ्यायला लागतात.

"गुटखा तर बंद झालाय ना"

हा गैरसमज अजून शिक्षकांमध्ये सुद्धा आहे. २००२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती, ती २००४ ला सुप्रीम कोर्टात टिकली नाही. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमात आलं की खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायचं नाही, त्याच्या आधारावर जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली, यावेळी एकेक वर्षाची आणि दरवर्षी नवीन आदेश काढायची. हे लक्षात ठेवा, आदेशाला मुदत असते, तक्रार करताना चालू वर्षाचा आदेश जोडा, नाहीतर समोरचा वकील तिथेच पकडतो.

आणि कंपन्यांनी काय केलं, माल दोन पुड्यांमध्ये तोडला. एका शाळेच्या मागच्या गेटजवळ मी उभा होतो, दहावीतला असेल असा एक मुलगा आला, तोंडाने काहीच बोलला नाही, फक्त दोन बोटं दाखवली. टपरीवाल्याने एका माळेतून पान मसाल्याची पुडी फाडली, शेजारच्या माळेतून तंबाखूची छोटी पुडी फाडली, दोन्ही एकत्र दिल्या. पोराने मोठी पुडी दाताने उघडली, छोटी तिच्यात ओतली, तोंड दाबून धरून चारपाच वेळा हलवली आणि तोंडात टाकली. पुडी हलवल्याचा तो खुळखुळ आवाज मला आता कुठेही ओळखू येतो. म्हणजे गुटखा त्या मुलाच्या हातात तयार झाला. आता तुम्ही एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, "गुटखा विकतात" अशी तक्रार केली तर इन्स्पेक्टर येतो, गुटखा नावाची पुडी शोधतो, ती मिळत नाही, आणि निघून जातो. तक्रारीत लिहायचं असतं की पान मसाला आणि तंबाखू एकत्र मिसळण्यासाठी जोडीने विकले जातात, दोन्ही माळा शेजारी लटकलेल्या आहेत, सोबत फोटो. महाराष्ट्रात पान मसाल्यावर पण बंदी आहे हे पण लिहा. आणि विदर्भात असाल तर खर्रा, आमच्याकडे मावा, हे सुपारी-तंबाखू टपरीवरच घोटून देतात, त्यावर ना नाव ना चित्र ना इशारा, त्यामुळे त्याचा वेगळा उल्लेख करा.

तक्रार केली पण काहीच झालं नाही

हे सगळ्यात जास्त लोक विचारतात. माझी पहिली तक्रार चार महिन्यांनी "आढळून आले नाही" असं लिहून परत आली, आणि खरं सांगायचं तर त्या कागदात मी तपासण्यासारखं काही दिलंच नव्हतं, "शाळेजवळ तंबाखू विकतात, कारवाई करावी" एवढंच. कोणती शाळा, कोणतं गेट, किती अंतर, किती वाजता, काहीच नाही.

तंबाखूच्या विक्री-जाहिरातीवरचा कायदा २००३ चा आहे, सगळे त्याला कोटपा म्हणतात. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नको, म्हणजे साधारण ९१ मीटर. टेप घ्या, दोन शिक्षक आणि ग्रामपंचायतीचा एक माणूस सोबत घ्या, मोजा, रस्त्यावर पिवळी रेघ मारा आणि त्याचा पंचनामा करून सह्या घ्या. मग टपरी रेघेच्या आत आहे का बाहेर हा वादच उरत नाही. पण इथे अजून एक गोम आहे, या कलमाचा दंड फक्त २०० रुपये, टपरीवाला तो हसत भरतो. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रत्यक्ष विकताना दिसलं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लिहा, त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाचा चेहरा किंवा नाव मात्र कुठेही टाकू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही.

आणि बोर्ड बघा. टपरीवर जास्तीत जास्त ६० बाय ४५ सेंटिमीटरचा बोर्ड चालतो, त्यावर इशारा पाहिजे, कंपनीचं नाव किंवा पाकिटाचं चित्र चालत नाही, आत लाइट चालत नाही. आपल्याकडे अख्खी टपरीच कंपनीच्या रंगात रंगवलेली असते. ते कोटपाच्या कलम ५ मध्ये येतं, तिथे पहिल्या गुन्ह्याला पण दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टपरीवाल्याला विचारा ना शांतपणे, दादा हा बोर्ड कुणी लावून दिला, तो सांगतो, त्याला काय, कंपनीचा माणूस येऊन लावून गेला. त्याच्याशी भांडू नका, तोच तुमचा साक्षीदार आहे.

सुट्या सिगारेट आणि बिड्या विकायला पण महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, हे बऱ्याच पोलिसांना पण माहीत नसतं, आदेशाची प्रत खिशात ठेवत जा.

शेतकऱ्याचं नाव काढलं की गप्प बसायचं

कर वाढवा म्हटलं, चित्र मोठं करा म्हटलं, की लगेच जाहिराती येतात, शेतकरी मरेल, बिडी कामगार बायका उपाशी राहतील. आपले कार्यकर्ते इथे गडबडतात कारण आपल्यातले निम्मे शेतकऱ्याचीच पोरं. पण निपाणी आठवा. १९८१ साली तिथे शेतकरी नेते शरद जोशींच्या मागे तंबाखू पिकवणारे शेतकरी भावासाठी महामार्गावर बसले होते, गोळीबारात माणसं गेली, आणि ते भांडण होतं तंबाखू विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांशीच. जो धंदा शेतकऱ्याला भाव देत नाही आणि बिडी वळणाऱ्या बाईला हजार बिड्यांमागे धड मजुरी देत नाही तोच त्यांना ढाल म्हणून पुढे करतो. तुम्ही म्हणा, पर्यायी पीक आणि कामासाठी पैसा द्या, तो तंबाखूवरच्या करातूनच द्या. आणि सरकारला महसूल मिळतो असं कुणी म्हटलं तर २०१७-१८ चा हिशेब सांगा, तंबाखूच्या आजारांमुळे आणि मृत्यूंमुळे देशाचं १ लाख ७७ हजार कोटींचं नुकसान, आणि तंबाखूवरच्या उत्पादन शुल्काची रक्कम त्याच्या साधारण १२ टक्केच.

देणगी घेऊ नका. शाळेला बाक, वॉटर फिल्टर, मुलांसाठी "धूम्रपानापासून दूर राहा" असा कार्यक्रम, काहीही असो. तंबाखू नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने २००४ साली मान्य केला त्याचं कलम ५.३ हेच सांगतं की धोरण ठरवताना या उद्योगाला लांब ठेवा. देणगी कोण देतंय ते शोधताना ग्रुपच्या बाकीच्या कंपन्या पण बघा, पीठ-बिस्किटं विकणारी कंपनी सिगारेटवाली पण असू शकते. वेलचीच्या जाहिरातीचं पण तसंच, वेलचीसाठी कुणी एवढे मोठे हिरो घेत नाही, नाव पान मसाल्याचंच, रंग पण तोच. अशा आडून केलेल्या जाहिरातींवर २०२२ च्या नियमांत बंदी आहे, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि स्क्रीनशॉट काढताना तारीख दिसली पाहिजे.

मिशरी राहून जाते

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २४.४ टक्के मोठी माणसं तंबाखू खाणारी किंवा लावणारी निघाली, ओढणारी फक्त ३.८ टक्के. तरी आपलं पोस्टर बघा, सिगारेट आणि त्यावर लाल काट. एका वस्तीत तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंसोबत गेलो होतो, त्यांनी विचारलं तंबाखू खाता का, सगळ्या बायका नाही म्हणाल्या. मग ताईंनी प्रश्न बदलला, "सकाळी दात कशाने घासता गं?" एक आजी उठल्या, फडताळातून बारकी डबी आणली, तव्यावर भाजलेली काळी पूड. दिवसातून पाच वेळा बोट फिरवतात, परसाकडला होत नाही त्याशिवाय म्हणाल्या. तंबाखू म्हणजे पुरुष खातात ते, मिशरी म्हणजे दात घासायची, असंच त्यांच्या डोक्यात होतं. त्या दिवसापासून आम्ही तंबाखू हा शब्द विचारतच नाही, डब्या विचारतो.

आणि सोडायचंय म्हणणाऱ्याला मोकळ्या हाताने परत पाठवू नका. नुसतं "मनाचा निश्चय करा" म्हटलं की चार दिवसांनी तो परत टपरीवर दिसतो आणि तुम्हाला टाळायला लागतो. तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट आहे, समुपदेशक बोलतात, परत फोन करून चौकशी पण करतात. नंबर लिहून द्यायची गरज नाही, त्याच्या खिशातली तंबाखूची पुडी मागा, उलटी करा, त्यावरच छापलेला आहे, आणि तिथेच उभं राहून पहिला फोन लावून द्या.